यशोधराच्या नंबरवर

बेल्ह्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की माळावर गोरखशेठची कोंबड्यांची चार लांबलचक शेडं लागतात. पहिल्या शेडच्या तोंडाशी पत्र्याचं ऑफिस आहे. पिंपळवंडीची यशोधरा लग्न मोडून माहेरी आली त्या वर्षापासून त्या ऑफिसात बसत होती. नवरा चाकणला कंपनीत होता. त्याच्याविषयी ती कुणाशी बोलली नाही, आणि तिला विचारायची कुणाची टाप नव्हती. आळ्याच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली, ताठ मानेची, तोंडाने फटकळ बाई. पिल्लं कधी आली, खाद्य किती लागलं, कुठल्या शेडमधला माल कुठल्या गाडीत चढला, हे सगळं तिच्या कॉम्प्युटरवर असायचं. कामगारांची हजेरीही तीच लावायची. उशिरा आलेल्याची तिने कधी गय केली नाही. माणसं तिला समोर मॅडम म्हणत आणि मागे फौजदारीण.

तिचं त्या माळावर कुणाशी जमलं असेल तर रामनाथ आणि भागू या नवराबायकोशी. दोघं आहुप्याकडची. तिसऱ्या शेडमागच्या खोलीत राहायची, पाखरांचं खाणंपिणं, लसी, झाडलोट बघायची. ऑफिस सुटायला अंधारून यायचं आणि डांबरीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. त्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घेऊन होती. रामनाथ रोज काठी आपटत, यशोधराच्या स्कूटीच्या पुढे चालत तिला डांबरीला लावून यायचा. तिने कधी सांगितलं नव्हतं आणि त्याने कधी चुकवलं नव्हतं. भागू तिला ताई म्हणायची. दुपारचा डबा दोघी एकत्र खात.

गोरखशेठचा मुलगा आदेश पुण्याहून शिकून आला आणि धंद्यात शिरला. पहिल्याच वर्षी त्याने ठरवलं की सगळा कारभार क्लाउडवर न्यायचा. हिशेब, साठा, हजेरी तर न्यायचीच, पण शेडमधले पंखे, फवारे, दिवे हेसुद्धा इंटरनेटवरून चालवायचे. पुण्यात बसून मोबाईलवर बोट फिरवलं की माळावरचा पंखा फिरला पाहिजे. गोरखशेठ शाळेत चारच बुकं शिकलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्या फोनवर दिसंल ना?" दिसेल म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

पुण्याच्या कंपनीचा एक इंजिनिअर आठवडाभर येऊन राहिला. पोरगा सरळ होता. त्याने आदेशला सांगितलं, "आधी एक शेड चढवू. एक उन्हाळा बघू. मग बाकीची. आणि जुना पॅनल राहू द्या भिंतीवर, नेट गेलं तर हाताने बटण दाबता येईल."

"दोन दोन गोष्टी सांभाळायच्या तर नवीन कशाला आणलं?" आदेश म्हणाला. "चारही शेड एकदम करून टाका. जुनं भंगारात द्या."

जुने पॅनल उचकटले गेले आणि त्याच आठवड्यात आळेफाट्याच्या भंगारवाल्याच्या टेम्पोत पडले. रामनाथ त्या बटणांवर सात-आठ उन्हाळे काढलेला माणूस. तो भिंतीतल्या रिकाम्या भोकांकडे बघत राहिला. त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि नवीन यंत्र कसं चालतं हे शिकवायची गरजही कुणाला वाटली नाही. शिकायचं होतं ते आदेशने, आणि आदेश इंजिनिअरसमोर निम्मा वेळ फोनवर बोलत होता.

शेवटच्या दिवशी इंजिनिअरने खातं उघडताना विचारलं, "मोबाईल नंबर कुणाचा टाकू? खात्री करायला ओटीपी येतो त्याच्यावर. दोन नंबर द्या, एक मालकांचा आणि एक इथला."

"मॅडमचा टाका," आदेश म्हणाला. "मला ते सारखे सारखे मेसेज नकोत."

"आणि दुसरा?"

"टाकू नंतर."

तो नंतर आलाच नाही. खातं यशोधराच्या नंबरवर उघडलं गेलं.

सुरुवातीचे दिवस यशोधराला फार गोड गेले. आदेश पुण्याहून लॉगिन करायला गेला की ओटीपीचा नंबर तिच्या फोनवर यायचा, मग त्याला तिला फोन करावा लागायचा. ती मुद्दाम दोन-तीन वेळा रिंग वाजू द्यायची. "थांबा, हातातलं काम संपवते," म्हणायची. काम काही नसायचं. शेठच्या पोराला थांबवून ठेवण्यात जी मजा होती ती तिला त्या माळावर पहिल्यांदाच मिळत होती. भागूला ती हसत हसत सांगायची, "आज पाच मिनिटं टांगला त्याला."

आदेशला ते कळत होतं. एक दिवस त्याला स्क्रीनवर 'हा फोन लक्षात ठेवा' असा चौकोन दिसला. त्याने त्यावर टिचकी मारली. त्यानंतर यंत्राने त्याला नंबर विचारला नाही. आपल्या मानगुटीवरून यशोधरा उतरली असं त्याला वाटलं, आणि मग तिची गरजच काय, असंही वाटलं. हजेरी आता बोटाच्या ठशाने लागत होती, साठा आपोआप मोजला जात होता.

मार्च लागला तेव्हा त्याने तिला ऑफिसबाहेरच्या झाडाखाली बोलावलं. माल भरायला गाड्या आल्या होत्या. ड्रायव्हर-हमाल सावलीला बसले होते. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "यशोधरा, उद्यापासून यायची गरज नाही. तुझं काम आता सिस्टीम करते." एरवी तो तिला अहो-जाहो करायचा. त्या दिवशी त्याने एकेरीवर सुरुवात केली.

"शेठला माहीत आहे?" तिने विचारलं.

"शेठ मीच आहे आता. बॅग दाखव."

"बॅग कशाला?"

"आमचा डेटा नेत असशील. पेनड्राईव्ह, काहीपण. भागू, हिची बॅग रिकामी कर."

भागू झाडू हातात धरून उभी होती. ती यशोधराकडे बघेना. आदेशने दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिने बॅग घेतली आणि ओट्यावर उपडी केली. डबा पडला, चष्म्याचं घर पडलं, पेपरात गुंडाळलेले पॅड पडले आणि पेपर सुटून ओट्यावर पसरले. प्लास्टिकच्या पिशवीत थोडी कलेजी होती. रामनाथने सकाळी यशोधराच्या आईसाठी दिलेली. आदेशने पिशवी दोन बोटांनी उचलून गाडीवाल्यांना दाखवली.

"बघा, डेटा सापडला," तो म्हणाला.

गाडीवाले हसले. आणि त्यांच्याबरोबर भागूही हसली. घाबरलेलं माणूस जसं हसतं तसं, तोंडावर पदर धरून, उगाच. पण हसली. यशोधराने खाली वाकून एकेक वस्तू गोळा केली. गाडीवाल्यांचे चेहरे तिला पुढे आठवले नाहीत, आदेशचे शब्दही मागेपुढे झाले. भागूचं हसू तेवढं जसंच्या तसं तिच्या कानात राहिलं.

तिला काढलं आणि सगळे विसरले. ऑफिसची किल्ली तिच्याकडून घेतली, टेबल दुसरीकडे हलवलं. खात्यावरचा नंबर बदलायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

एप्रिलात जयंती झाली. पिंपळवंडीत मिरवणुकीला यशोधरा गेली नाही. लोक नोकरीचं विचारतील म्हणून घरातच बसली. पुढच्या आठवड्यात आई शकुबाईने शेळी विकायला काढली आणि दोघी मायलेकी शेजाऱ्याच्या टेम्पोतून बेल्ह्याच्या बाजाराला गेल्या.

आदल्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं, गार वारं सुटलं होतं. आदेश पुण्यात एका लग्नात होता. शेडमधला पारा खाली आलेला त्याला मोबाईलवर दिसला तेव्हा त्याने तिथूनच पंखे कमी करून टाकले. यंत्र आपोआप उन्हाप्रमाणे पंखे वाढवायचं, पण हाताने एकदा सेटिंग अडकवली की पुन्हा हाताने सोडवेपर्यंत ते तसंच राहायचं. आदेशने अडकवून ठेवली आणि जेवायला गेला.

पहाटे कंपनीने आपल्या बाजूने काही सुधारणा केली आणि सगळ्यांना खात्यातून बाहेर काढलं. पुन्हा आत यायचं तर पासवर्ड लागणार. आदेशने तो तीनदा चुकीचा टाकला. मग यंत्राने नेहमीप्रमाणे खात्यावरच्या नंबरला ओटीपी पाठवला.

बाजारात ऊन तापलं होतं. पावसाची हवा रात्रीत निघून गेली होती आणि मागे नुसती वाफ राहिली होती. शकुबाई शेळीची दोरी धरून एका व्यापाऱ्याशी घासाघीस करत होती. यशोधराच्या हातातला फोन थरथरला. सहा आकडी नंबर. खाली लिहिलेलं होतं, हा नंबर कुणालाही सांगू नका.

तिला कळायला क्षणही लागला नाही. बॉयलरचं पाखरू वजनाला आलं की त्याला ऊन अजिबात सोसत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. शेड चारही बाजूंनी बंद. पंखे ओढतील तेवढीच हवा आत. तिने वर उन्हाकडे बघितलं, मग पुन्हा फोनकडे.

आदेशचा फोन आला. तिने वाजू दिला. पुन्हा आला. मग मेसेज आला, "यशोधरा मॅडम, प्लीज अर्जंट." तिने तो दोनदा वाचला. मॅडम हा शब्द तिसऱ्यांदाही वाचला. चौथा फोन तिने उचलला.

"मॅडम, तुमच्या नंबरवर एक ओटीपी आलाय बघा. सांगा लवकर. इकडे पंखे अडकलेत."

"माझ्याकडे कुठला नंबर," ती शांतपणे म्हणाली. "मी तर गरजेची नाही ना."

"अहो, माल मरेल सगळा. मागचं सोडा आता."

"माझी बॅग तपासायला पाठवा कुणाला. सापडला तर घ्या."

तिने फोन ठेवला. शकुबाईने मान वळवून विचारलं, "कुनाचा गं?"

"कंपनीचा. रिचार्ज संपला म्हणतात."

उसाच्या रसाच्या गाड्यापाशी सावली होती. यशोधरा तिथे जाऊन उभी राहिली. ओटीपी येत होते आणि जुने होत होते. तिने एक ग्लास रस घेतला. तो पिताना भागूचा फोन आला.

"ताई," भागू धापा टाकत होती. "ताई, पाखरांनी तोंडं वासल्यात सगळ्यांनी. थरच्या थर पडाया लागल्यात. आमी पत्रं ठोकून भिताडाला भोकं पाडली, पर हवाच न्हाई आत येत. दादा फोनवरनं ह्यांना सांगत्यात, वायरी डायरेक जोड म्हणून. ह्ये वर चढल्यात. वायरमन नारायणगावास्नं निघालाय, त्यो यायचाय अजून. ह्यांना त्यातलं काय बी कळत न्हाई, ताई. त्यो नंबर तेवढा सांगा. मी पाया पडते."

मागून रामनाथचा आवाज येत होता. तो आदेशशी बोलत होता बहुतेक. "लाल कुठली म्हनला, दादा?" असं काहीसं तिला ऐकू आलं.

यशोधराच्या फोनवर तेवढ्यात नवा नंबर येऊन पडला होता. ताजा. सहा आकडे वाचायला किती वेळ लागतो.

"तेव्हा हसलीस ना, भागू," ती म्हणाली.

भागूला ते समजलंच नसावं. यशोधराने फोन बंद केला, उरलेला रस संपवला आणि ग्लास गाड्यावर ठेवला.

शेळी विकली गेली. शकुबाईने भेळ घेतली, दोघींनी झाडाखाली बसून खाल्ली. ते खाताना यशोधराच्या मनात आलं की उद्या कुणी पोलिसात गेलं, तर फोन आल्याचं सगळं दिसतं. आपण काहीच केलं नाही असं दिसायला नको. तिने शेवटचा ओटीपी उघडला. तो केव्हाच बाद झाला होता. ते तिला पक्कं माहीत होतं. तोच तिने भागूच्या नंबरवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'आत्ता पाहिला, लगेच पाठवते.' मग भेळेचा कागद चुरगळून टाकला.

तोवर रामनाथ पडला होता. वायर जोडताना त्याचा उजवा हात चिकटला. भागूने बांबूने मारून त्याला सोडवला तेव्हा तो खाली मेलेल्या कोंबड्यांवर आपटला. त्या मऊ ढिगावर पडला म्हणून डोकं फुटलं नाही, असं लोक नंतर सांगत. वायरमन आला, त्याने बघता बघता पंखे थेट सुरू करून दिले. पण आत फार काही उरलं नव्हतं. संध्याकाळी जेसीबीने माळावर खड्डा खणला आणि मेलेला माल ट्रॉल्यांनी आणून त्यात ओतला. वारं गावाकडे होतं. बेल्ह्यात त्या रात्री लोकांनी खिडक्या लावून घेतल्या.

रामनाथला आधी नारायणगावला, मग पुण्याला सरकारी दवाखान्यात नेलं. त्याचा हात मनगटापासून काढावा लागला.

पुण्याच्या कंपनीने सांगितलं, आमचा सर्व्हर एक क्षणही बंद नव्हता. कुणाचा नंबर टाकायचा, हाताचं बटण ठेवायचं की नाही, ही तुमची जबाबदारी. त्यांचं म्हणणं खरं होतं. चौकशीला माणसं आली तेव्हा आदेश म्हणाला, "मी त्याला वायरला हात लावू नको म्हणून सांगत होतो. तो स्वतःच्या मनाने चढला." रामनाथ तेव्हा दवाखान्यात होता आणि भागू त्याच्या उशाशी. त्यामुळे ते खोडून काढायला कुणी नव्हतं. यशोधराने नंबर नाकारल्याचंही तो बोलला नाही; बोलला असता तर तिला कसं हाकललं तेही निघालं असतं. गोरखशेठ मान खाली घालून ऐकत राहिले.

पंधरवड्याने गोरखशेठ स्वतः पिंपळवंडीला आले. शकुबाईने खुर्ची दिली. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"झालं गेलं ते झालं, यशोधरा," ते म्हणाले. "पोराला अक्कल न्हाई. त्यानं तुला असं काढाया नको व्हतं. तू ये परत. नवीन पिल्लं टाकायची हाईत. आता भिंतीवर बटनं बी बसवून घेतो आन् नंबर बी दोघातिघांचे टाकतो. पर बघाया मानूस पायजे."

"आदेशदादांनी यायला पाहिजे मला सांगायला," ती म्हणाली.

"येईल की."

दुसऱ्या दिवशी आदेश आला. दारातच उभा राहिला. यशोधराने त्याला आत ये म्हटलं नाही. शेजारच्या बाया ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या तोपर्यंत तिने त्याला तसंच ठेवलं. मग म्हणाली, "बोला."

"चुकलं माझं, मॅडम," तो म्हणाला.

"मोठ्याने बोला. आईला कमी ऐकू येतं."

त्याने मोठ्याने सांगितलं. शकुबाईचे कान चांगले होते. ती लेकीकडे बघत राहिली.

यशोधरा पुन्हा कामावर रुजू झाली. शेडं धुऊन, चुना मारून तयार होती. गोरखशेठनी तिला पहिलंच काम सांगितलं, आणि सांगताना ते दुसरीकडे बघत होते. "त्या रामनाथची खोली मोकळी करून घ्यायची. नवीन जोडपं येतंय. एका हाताचा मानूस काय कामाचा. मला सांगाया जड जातंय. तू सांग, तुझं ऐकंल भागू."

ती नाही म्हणू शकली असती. ती पुन्हा गेली तर काय, म्हणून शेठ त्या दिवसांत तिला घाबरून होते. तिने थोडा जोर केला असता तर त्यांनी रामनाथला गेटवर बसवला असता. हे तिच्या मनात आलंही. पण रामनाथ रोज गेटवर त्या हाताने बसलेला आणि आपण रोज त्याच्या समोरून जाणार, हे तिला नको होतं. ती तिसऱ्या शेडमागे गेली.

खोलीबाहेर रामनाथ बाजेवर बसला होता. फडक्यात बांधलेला हात मांडीवर होता. तिला बघून तो उठायला लागला, पण तोल सांभाळायला उजवाच हात पुढे गेला आणि तो पुन्हा खाली बसला. भागू चुलीपासून उठून आली. ती अर्धी झाली होती.

"ताई, तुमी परत आला, लई बरं झालं बघा," ती म्हणाली.

यशोधराने सरळ सांगितलं, "भागू, खोली मोकळी करावी लागेल. शेठ म्हणालेत. परवा नवीन माणसं येताहेत."

भागू तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने रामनाथकडे बघितलं. तो म्हणाला, "व्हय. काम न्हाई तर खोली कशी ठेवतील. मॅडमचा काय दोष."

"दोष कसा," भागू म्हणाली. "त्या दिशी मी ह्यांना सांगितलं, ताईंनी नंबर धाडला म्हणून. मला वाचता येत न्हाई. वायरमननं वाचून दाखवला, म्हनला उशीर झाला. आमचंच नशीब फुटकं, ताई. तुमी तर लगोलग धाडला व्हता. बाजारात रेंज नसंल, न्हाई का?"

आता बोलायची वेळ होती. रामनाथ तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत काही संशय नव्हता. संशय असता तर कदाचित ती बोलली असती.

"हो," ती म्हणाली. "बाजारात रेंज नव्हती."

"मी म्हनलं की ह्यांना," भागू म्हणाली, आणि चुलीवरचा चहा तिने यशोधरासाठी कपात ओतला. यशोधरा तो उभ्याउभ्या प्याली. गरम होता, जीभ भाजली, तरी प्याली.

त्यांना न्यायला आहुप्याहून कुणाचा तरी टेम्पो आला. सामान थोडंच होतं: बाज, भांडी, एक गोधड्यांचं गाठोडं. भागूने ते एकटीने चढवलं. रामनाथ डाव्या हाताने दोरी बांधायला बघत होता, गाठ बसत नव्हती. यशोधरा ऑफिसच्या खिडकीतून ते बघत होती. दोरी बांधायला ती बाहेर गेली नाही. शेवटी टेम्पोवाल्याने उतरून बांधली.

दिवाळीत भागूचे दोन-तीन फोन येऊन गेले. यशोधराने उचलले नाहीत. रामनाथ गुरं राखतो असं कुणीतरी ऑफिसात सांगितलं, आणि ती हूं म्हणाली.

रामनाथ गेला तेव्हाच त्याच्या खोलीत नांदेडकडचं तरुण जोडपं राहायला आलं होतं. बाई हसरी होती, बोलकी होती. पहिल्याच दिवशी ती डबा घेऊन ऑफिसच्या दारात आली आणि म्हणाली, "मॅडम, बसू का तुमच्यासोबत जेवायला?"

"इथं नाही," यशोधरा म्हणाली. "आपल्या खोलीवर जेवायचं. आणि उद्यापासून सकाळी वेळेवर यायचं. उशीर झाला की अर्धा दिवस कापला जाईल."